बिऱ्हाड लिहिलेली चकती

हळद शिजायला लागली की वास आधी येतो, धूर मागून. आता कढया राहिल्या नाहीत. ट्रॅक्टरच्या मागं कुकर येतो, लोखंडी पिंपं असतात, वाफ सोडली की बघता बघता घाणा मोकळा. पण वास तोच आहे. ओल्या मातीचा, भिजलेल्या लाकडाचा, आणि आत कुठंतरी दवाखान्यासारखा. माघ-फाल्गुनात कुरुंद्याच्या शिवारात कुठंही उभं राहा, वाऱ्याबरोबर येतोच. लोकांना त्यानं भूक लागते. मला तो आला की बोटांत बायंडिंगची गार तार असल्यासारखं वाटतं, आणि मी जिथं असेन तिथं हात धोतराला पुसतो.

यंदाही वास आला. वसमतच्या कुणी दिवाळी अंकवाल्यानं म्हणे म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून हळदीच्या सुगीची एकेक आठवण मागितली आहे. सुनेनं वही दिली, म्हणून लिहायला बसलोय. गोठ्याच्या सावलीला बसतो, रोज अर्धं पान होतं. जोडाक्षर आलं की हात थांबतो.

मी तिसरी शिकलेला. तीही पुरी नाही, मधेच मेंढरांमागं गेलो. पण अडाणी म्हणलेलं मी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. एकदा एका अडत्यानं शाईचा डबा पुढं सरकवून म्हणलं, "लावा आजोबा अंगठा." मी त्याच्या खिशातला पेन काढून घेतला, पावतीवर बापाच्या नावासकट पूर्ण सही केली, पेन परत खिशात खोचला, आणि भरलेली गाडी तशीच गावाकडं वळवली. हळद त्याच्याकडं घातलीच नाही. माझा पोरगा कैलास अजून ती गोष्ट सांगून हसतो. हसायचा. मधल्या एका सुगीपासून तो ती गोष्ट माझ्यादेखत सांगत नाही.

ती सुगी वीस वर्षांमागची. कैलासचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सून नांदेडची, सुरेखा. संगणकाचा कोर्स केलेली. येताना पलंग-कपाटाबरोबर संगणकही घेऊन आली. गावातल्या बाया महिनाभर तो बघायला येत होत्या. काचेत काही दिसत नव्हतं तरी चहा पिऊन जात होत्या. पहिल्याच पावसाळ्यात विजेचा काय झटका बसला कुणास ठाऊक, त्याची हार्डडिस्क गेली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती गेली, असं तिनं सांगितलं. चालू होतो, पण आपण कोण ते त्याला सांगता येत नाही. मी म्हणलं, "आमच्या चुलत्याचं असंच झालतं. जेवायचा बराबर, पण पोरांची नावं पुसायचा." ती हसली. माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात बाईमाणसाचं हसू बऱ्याच दिवसांनी वाजलं.

नवी हार्डडिस्क आणू म्हणलं तर ती नको म्हणाली. तिच्या मैत्रिणीनं नांदेडहून एक सीडी पाठवली होती. लिनक्स म्हणून काही असतं, त्यातलं अगदी हलकं, जुन्या मशिनीला पेलणारं. ती सीडी घातली की संगणक तिच्यावरूनच चालू होतो, हार्डडिस्क लागतच नाही. पण होती ती सगळी इंग्रजी. सुरेखाच्या मनात आलं की तिच्यातलं नको ते काढावं, हवं ते घालावं, आणि आपल्यापुरती वेगळी सीडी बनवावी. पत्त्यांचे खेळ काढायचे, परदेशातल्या भाषा काढायच्या, मराठी अक्षरं घालायची, टायपिंग शिकवणारं घालायचं, पहिल्या पडद्यावर आपलं चित्र.

त्यासाठी ती आठवड्यातून एकदा वसमतला जायची. तिथल्या नेट कॅफेवाल्याच्या संगणकात ती मूळ सीडी उकलायची, जुळवाजुळव करायची, परत आवळून बांधायची आणि कोऱ्या सीडीवर लिहून आणायची. एकदा लिहिली की लिहिली. पाटीसारखी पुसता येत नाही. घरी यावं तर लाइट नसायची. लोडशेडिंगचे दिवस. मग ती सीडी पदराखाली धरून लाइटीची वाट बघत बसायची, अंडी उबवायला कोंबडी बसावी तशी.

पहिली सीडी लावली तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. दुसरीला उंदीर हलेना. माऊसला मी उंदीर म्हणायचो, आणि तीही म्हणायला लागली होती. तिसरी चालूच झाली नाही. चौथी झाली, पण टायपिंग उघडलं की सगळं गोठायचं. पाचवीचं काय बिघडलं ते तिलाही कळलं नाही.

वाया गेलेल्या सीडीवर ती पेनानं आकडा घालून फुली मारायची आणि मला द्यायची. आमची टाळकी ज्वारी दाण्यावर आली होती, पाखरं उठू देत नव्हती. मी दोन दोन सीड्या पाठीला पाठ लावून तारेनं आवळायचो, म्हणजे चमकती बाजू दोन्हीकडून बाहेर, आणि काठीला टांगायचो. वाऱ्यानं फिरल्या की ज्वारीवरून उन्हाचे कवडसे पळायचे. पाखरं भर्र उडायची.

"तुझं शिक्षण पाखरायला लई कामी आलं बघ," मी म्हणायचो.

"चार दिवसांनी पाखरं बी शिकतेत मामा," ती म्हणायची. "मग न्हाई भेत."

आणि खरंच, पाचव्या दिवशी एक पोपट काठीवर बसून निवांत खात होता.

एका दुपारी मी तिला विचारलं, "समजा ही सीडी झाली बराबर. दुसऱ्याच्या मशिनीत घातली तर त्याच्यात तुझं काही सांडून राहतं का?"

"न्हाई मामा. सीडी काढली, बंद केलं की मशीन पहिल्यासारखी. काहीच मागं राहत न्हाई."

समोर आमच्या वावरात तेव्हा धनगरांचा कळप बसला होता. आम्ही दरसाल बसवतो, लेंड्यांनी रान तगडं होतं. मी बोट दाखवलं. "मग हे काय वेगळं हाय? घोड्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड. तवा, घोंगडी, कोंबडी, लेकरू. जिथं रान मोकळं तिथं पाल ठोकायचं, चूल पेटवायची, घर चालू. निघाले की तीन दगडं राहतेत. तुझी सीडी म्हंजी घोडा हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, कोर्सला आमच्या सरानं तीन दिवस हे शिकवलं, तरी निम्म्या पोरायला कळलं न्हाई."

त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या असतील. लिहायला लाज वाटते, पण त्या बोलण्याचा मला फार अभिमान वाटला होता. म्हणजे मला कळत होतं. गावात जे कुणाला कळत नव्हतं ते मला बराबर कळत होतं, हे आधी लिहून ठेवतो.

पलीकडच्या गावच्या शाळेत तेव्हा सात संगणक एका खोलीत पडून होते. कुठल्या योजनेत आलेले, आणि सातही जणांची स्मरणशक्ती गेलेली. वर प्लास्टिक, दाराला कुलूप, दसऱ्याला तेवढं हळदकुंकू. सुरेखा हेडमास्तरांना भेटली. म्हणाली, हार्डडिस्क नको, दुरुस्ती नको, माझ्या सीडीवर सातही चालतील. ते म्हणाले, एक चालवून दाखवा. संस्थेचे लोक येणार आहेत त्या दिवशी दाखवा. चालला तर जूनपासून पोरींना शिकवायला तुम्हीच या.

सहावी सीडी चालली. मी रानात होतो. कैलासनं सांगितलं की ती ओट्यावर येऊन नुसती उभी राहिली, मग आत गेली, परत बाहेर आली.

संस्थेचे लोक यायचे होते त्याच दिवशी आमची पहिली कढई होती.

आता नव्या लोकांना कळायचं नाही, म्हणून सांगतो. कढईवाला एका रानातून दुसऱ्या रानात जायचा, आपली पाळी आली की आली. आणि पहिल्या कढईला घरच्या बाईनं पूजा केल्याशिवाय आमच्याकडं जाळ घालत नाहीत. ती कुंकू लावते, पहिली ओंजळ हळकुंडांची टाकते, मग पुरुषांनी पाट्या ओतायच्या. माझी बायको होती तोवर ती करायची. आता घरची बाई म्हणजे सुरेखा.

"मामा, पूजा जरा उशिरा केली तर? मी दुपारपर्यंत येते," ती म्हणाली. आदल्या दिवशी दोनदा म्हणाली.

पूजा पहाटे उरकून तिला वेळेवर जाता आलं असतं. कढई दुपारी चढवली असती तरी हळद कुठं पळून जात नव्हती. हे दोन्ही मला तेव्हाही कळत होतं. पण कढईवाला नामदेव चूल खणता खणता सगळ्यांपुढं म्हणाला होता, "काय मालक, सूनबाई मास्तरीण होऊन राहिल्यात म्हणं. मग आता भाकरी तुमी थापता का कैलास?" गडी हसले. मीही हसलो. आणि त्या हसण्याचा जाळ माझ्या पोटात रात्रभर तसाच राहिला.

"सकाळी नऊला कढई चढंल," मी तिला म्हणलं. "घरची बाई तिथं पायजे."

सकाळी तिनं लवकर स्वयंपाक केला. मी देवघरापुढून जात होतो, बघितलं तर देवापुढं सीडी. नव्या तिफणीला लावतो तसं तिला हळदकुंकू लावलेलं, कडेला, चमकत्या बाजूला धक्का न लावता. वर पेनानं लिहिलेलं होतं. ती पाण्याला गेली होती, कैलास गाडी जुंपत होता.

मी खाली वाकलो आणि वाचलं. बि. ऱ्हा. ड.

माझाच शब्द. मला त्या क्षणी आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. मला वाटलं, माझ्याच तोंडचा शब्द घेऊन ही माझ्या कढईवरून उठून चालली. मी सीडी उचलली, फळीवरची पाच नंबरची फुलीवाली उचलली, आणि परसातून निघालो.

चार सीड्यांच्या दोन जोड्या आधीच टांगलेल्या होत्या. पाचवीला जोडी नव्हती. हे मी वाटेत स्वतःला सांगत होतो, पाचवीला जोडी पाहिजेच की. लिहिलेली बाजू आत गेली, फुलीला चिकटली. तार मधल्या भोकातून घेऊन कडेवरून दोन वेढे आवळली. मी काही फेकून दिली नव्हती, तोडली नव्हती. नुसती टांगली होती. त्या 'नुसती' शब्दावर मी वीस वर्षं काढली.

नऊ वाजता मी कढईजवळ होतो. घरात शोधाशोध चालल्याचं कळत होतं. कैलास एकदा पळत आला, "दादा, देवापुढची सीडी बघितली का?" मी जाळ बघत नकाराची मान हलवली. जाळ अजून घातलाच नव्हता.

साडेनऊला सुरेखा आली. रिकाम्या हातानं शाळेत जाऊन काय करणार. तिनं कढईला कुंकू लावलं, नारळ फोडला, पहिली ओंजळ टाकली. तोंडावरून काही दिसत नव्हतं. नामदेव म्हणाला, "वा, सूनबाई आल्या." आणि जाळ लागला, पाल्यानं-पोत्यानं कढई झाकली, पांढरी वाफ उठायला लागली. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. वाफेच्या पलीकडं ती उभी होती आणि डोळे पुसत होती. तिथं सगळ्यांच्याच डोळ्यांत धूर होता, म्हणून मला बघायची गरज पडली नाही.

हळद शिजली का ते बघायला काडी टोचतात. सहज पार गेली तर झाली. त्या दिवशी पहिल्या घाण्याची काडी टोचायला नामदेवनं माझ्या हातात दिली. मी टोचली. पार गेली की नाही, मला सांगता येईना. मी म्हणलं, झाली. थोडी कच्ची निघाली. वाळल्यावर मोडली तेव्हा कळलं.

दुपारी ती भाकरी घेऊन ज्वारीच्या कडेनं आली. आणि थांबली. दोन जोड्या फिरायच्या तिथं तीन फिरत होत्या. तिनं टोपली खाली ठेवली. काठीपर्यंत गेली, तार उकलली. पदरानं सीडी पुसली, मधून कडेकडं, मधून कडेकडं, लहान लेकराचं तोंड पुसावं तसं. तारेचे दोन ओरखडे होते, आणि वाऱ्यानं काठीवर आपटून आपटून एका बाजूला खरवड झाली होती.

चारला लाइट आली. आम्ही तिघं संगणकापुढं. घर्र आवाज झाला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, एकामागं एक, आणि मला वाटलं चालली, देवा, चालली. मग एका ओळीवर थांबल्या. आत सीडी फिरत होती, अडखळत होती, परत फिरत होती. मग बटण दाबून तिनं बंद केलं.

"मामा," ती म्हणाली, "ह्याच्यावर नाव लिहिलेलं होतं."

मी म्हणलं, "मला काय कळतंय बाई. मी अडाणी माणूस."

जन्मात जो शब्द लावून घ्यायचा नाही म्हणून मी गाडीभर हळद माघारी फिरवली, तो शब्द मी स्वतः, स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडानं काढला. आणि तो इतक्या सहज आला की जणू तोंडात तयारच होता. कैलासनं माझ्याकडं बघितलं. खताच्या पोत्यावरचं, एसटीच्या पाटीवरचं मी वाचतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याचं तोंड उघडलं होतं. पण सुरेखाच आधी बोलली.

"त्यायला काही म्हणू नका. त्यायला कसं कळणार."

कैलासनं तोंड मिटलं. तेव्हापासून त्या अडत्याची गोष्ट त्यानं माझ्यापुढं सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वसमतला गेली तर कॅफेवाल्यानं त्याचा संगणक साफ करून टाकला होता. तिची सगळी मांडामांड गेली. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली. तीन आठवडे लागले. तोवर शाळेनं ते सात संगणक मोडक्या बाकांबरोबर भंगारात घातले आणि त्या खोलीत खिचडीच्या तांदळाची पोती रचली. हेडमास्तर म्हणाले, बाई, तुम्ही त्या दिवशी आला असता तर.

नवी सीडी घरी लावली तेव्हा मी दारात उभा होतो. ओळी धावल्या, थांबल्या नाहीत. मग सगळा पडदा पिवळा झाला, वाळत घातलेल्या हळदीसारखा, आणि मधोमध मोठी अक्षरं आली. मी वाचायच्या आत तिनंच बोट ठेवून सांगितलं.

"मामा, इथं बिऱ्हाड लिहिलंय. तुमचाच शब्द हाय."

मी म्हणलं, "व्हय का."

त्या सीडीवर तिनं चौकात टायपिंगचं दुकान टाकलं. चाललं, अजून चालतं. पुढं नवे संगणक आले, ती सीडी कुठं गेली मला माहीत नाही. गावातल्या पोरी अर्ज भरायला येतात, तिला वैनी म्हणतात. त्या शाळेत मॅडम म्हणाल्या असत्या. एवढाच फरक, असं मी कैक वेळा मनाशी म्हणून बघितलं आहे. ते एवढं नाही हे मला कळतं. दर जूनला शाळा उघडायच्या दिवशी ती दुकान तासभर उशिरा उघडते. काहून म्हणून मी कधी विचारलेलं नाही.

आणि तिनं माझ्यासाठी एक काम लावून घेतलं. त्या सुगीपासून रोज सकाळी पेपर आला की चहाबरोबर माझ्यापुढं बसायचं आणि वाचून दाखवायचं. हळदीचा भाव, पाऊस, कोण वारलं. लग्नाच्या पत्रिका, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, औषधाच्या बाटलीवरचं. बाळंतपणातून उठली तरी तेच, लेकरू मांडीवर घेऊन. मी ऐकतो. ती पान उलटायच्या आधी मी खालची मोठी ओळ वाचून घेतलेली असते, आणि तीच ओळ तिच्या तोंडून आली की नवल केल्यासारखं करतो. वीस वर्षं. एवढी तकलीफ मला कुणी शिव्या देऊन देऊ शकलं नसतं.

अंकवाल्याचं पत्र आलं तेव्हा तिनं तेही वाचून दाखवलं. मग म्हणाली, "सांगता का मामा? तुमी सांगा, मी टाइप करते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच लिहितो."

बोलल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. ती मात्र उठली, कपाटातून वही काढली, पेनाचं टोपण काढून कागदावर चालतो का बघितलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "लिहा," म्हणाली, आणि चहाच्या कपबश्या उचलून आत गेली. काही विचारलं नाही. थोडंही नवल केलं नाही.

दोन दिवस मी ती कोरी वही घेऊन गोठ्यात बसून होतो. तिला ठाऊक होतं. केव्हापासून ते मला माहीत नाही. कैलासनं सांगितलं असेल, का पेपर वाचताना माझे डोळे ओळीवरून पळताना तिनं बघितले असतील, का त्या दुपारी ज्वारीतच, तार उकलताना. ठाऊक असून ती रोज वाचत राहिली. माझ्यावर दया म्हणून, का मला ते ऐकावं लागावं म्हणून, हे मी ठरवू शकत नाही. दोन्हीतलं काही असलं तरी माझ्या वाट्याचंच आहे.

आज वास फार आहे. वरच्या रानात कुकर लागलाय. वही भरत आली. ही तिच्या टेबलावर ठेवून निघून जायचं असं मी ठरवलं होतं, तिनं एकटीनं वाचावी, टाइप करावी, मी रानात असावं. ते आता बदललं. उद्या सकाळी ती पेपर घेऊन बसली की तो बाजूला ठेवायला सांगणार आहे. ही वही मी तिच्यापुढं वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, बोट ठेवून. जोडाक्षराला अडखळेन. तिला सवय आहे, ती पुढचा शब्द सांगायला जाईल.

तिला म्हणायचं, थांब. मला वाचता येतं.